आपल्या आवारातली झाडं: कोणी आणली, कुठून आली

आपल्या आवारात आज एकूण ३७ झाडं आहेत. स्मरणिका समितीने "बागेचा इतिहास तुम्हीच लिहा" म्हणून सांगितलं, तेव्हा मी आणि माळीकाका एका रविवारी वही घेऊन तिन्ही विंगांभोवती फिरलो आणि मोजून काढली. कुंड्यांतली धरली नाहीत. आसुपालव १४, नारळ ६, देवचाफे ४, बॉटलब्रश ३, पारिजातक २, कांचन २, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी २, आणि बहावा, सोनचाफा, सप्तपर्णी, कडुनिंब प्रत्येकी एक. गुलमोहर शून्य.

हा शेवटचा आकडा बऱ्याच जणांना लागतो. गेल्या वर्षीच्या जूनपर्यंत पश्चिमेच्या भिंतीलगत एक गुलमोहर होता. पहिल्याच वादळी पावसात तो मुळासकट आडवा झाला. नशिबाने खाली कोणी नव्हतं. दोन स्कूटर आणि पंधरा फूट कंपाउंड वॉल गेली. भिंत बांधून झाली, पण जागा अजून रिकामी आहे. ७० फूट लांब, ६ फूट रुंद, आणि खालून ड्रेनेजची लाईन. येत्या सर्वसाधारण सभेत तिथं काय लावायचं याचा ठराव यायचा आहे. एक मत असं, की कोनोकार्पसची रांग लावून दोन वर्षांत हिरवी भिंत उभी करावी. दुसरं मत, लहान चणीचे, फुलणारे वृक्ष लावावेत. मी दुसऱ्या मताची आहे हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. पण समितीने इतिहास मागितला आहे, तर आधी इतिहास. बत्तीस वर्षं शाळेत तोच विषय शिकवला, ती खोड काही जात नाही.

गुलमोहरापासूनच सुरू करू. इतकं आपलं वाटणारं दुसरं झाड नाही. साताऱ्यात तर १ मे हा 'गुलमोहर डे' म्हणून साजरा करतात. चित्रकार, कवी झाडाखाली जमतात. पण हे झाड मूळचं मादागास्कर बेटावरचं. तिथल्या कोरड्या, पानगळीच्या जंगलात ते वेन्सेस्लास बोयर नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाला दिसलं. त्याचं बस्तान मॉरिशसला होतं. १८२९ साली इंग्लंडमधल्या 'बोटॅनिकल मॅगझिन'मध्ये त्याचं रंगीत चित्र आणि वर्णन छापून आलं आणि उष्ण प्रदेशातल्या सगळ्या वसाहतींमध्ये ते झाड मागितलं जाऊ लागलं. आपल्या मुंबई इलाख्यात ते आलं एकोणिसाव्या शतकात. म्हणजे शिवाजी महाराजांनी गुलमोहर पाहिला नाही, पेशव्यांनीही नाही. शनिवारवाड्याच्या ऐतिहासिक मालिकांमध्ये मागे लालभडक गुलमोहर दिसला की मला आजही हसू येतं.

हे झाड आणलं ते बंगल्यांच्या मोठमोठ्या आवारांसाठी आणि रुंद रस्त्यांसाठी. त्याचा घेर छत्रीसारखा पसरतो, उंचीपेक्षा रुंदी जास्त. मुळं उथळ, लाकूड ठिसूळ. एकरभर कंपाउंडात त्याचं काही बिघडत नाही. आपल्याकडचा गुलमोहर पहिल्या वर्षीच्या वनमहोत्सवात लावलेला. (वनमहोत्सव ही प्रथा कन्हैयालाल मुन्शींनी केंद्रात कृषिमंत्री असताना १९५० साली सुरू केली, तेव्हापासून दर जुलैत फुकटची रोपं वाटली जातात, आणि जे रोप हाती पडेल ते लागतं.) तो परदेशी म्हणून पडला नाही. एका बाजूला भिंतीचा पाया, दुसऱ्या बाजूला काँक्रीट; सहा फुटांत तीसेक फुटांचा घेर तोलायचा कसा? तरीही वीस-बावीस वर्षं त्याने आपल्याला उन्हाळे काढून दिले, हे मान्य करायलाच हवं.

पारिजातक मात्र इथलाच. आणि त्याची लेखी नोंदही आपल्याच किनाऱ्यावरची आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याने हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर संवादरूपाने लिहिलेलं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. भारतात छापलेल्या अगदी पहिल्या काही पुस्तकांपैकी ते एक. त्यात पारिजातकावर एक प्रकरण आहे. ओर्ताने त्याला नाव दिलं 'उदास झाड', कारण ते रात्री फुलतं आणि सूर्य उगवला की सगळी फुलं टाकून देतं. पुढे लिनिअसने शास्त्रीय नाव ठेवताना हीच उदासी कायम ठेवली. मला स्वतःला हे नाव पटत नाही. सकाळी सहाला बी विंगच्या मागे परडी घेऊन उभ्या असलेल्या आपल्या आजी मंडळींकडे पाहिलं तर त्यात उदास काही नाही. कोण आधी पोचलं यावरून चाललेली ती एक शांत चुरस असते. जाता जाता, याच ओर्ताला पोर्तुगालच्या राजाने मुंबई बेट भाडेपट्ट्याने दिलं होतं. तेव्हा जागेला भाव नव्हता.

पारिजातकाची आपली गोष्ट तर सोसायट्यांसाठीच रचल्यासारखी आहे. झाड सत्यभामेच्या अंगणात आणि फुलं रुक्मिणीच्या. आपल्या पारिजातकाची निम्मी फुलं भिंतीपलीकडच्या सोसायटीत पडतात आणि पानं तेवढी आपल्याकडे. यावर दोन सेक्रेटरींमध्ये पत्रव्यवहार झाल्याचं जुन्या फाईलमध्ये मी वाचलं आहे.

बहावाही अस्सल इथला. सतराव्या शतकात कोचीनच्या डच गव्हर्नराने, व्हॅन ऱ्हीडने, मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा 'होर्तुस मलबारिकुस' हा ग्रंथ तयार करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापला गेला. बहावा त्याच्या पहिल्याच खंडात आहे. मराठी वाचकाला त्यात आणखी एक गंमत सापडते. या कामात मदत करणारे रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोंकणी वैद्य होते. त्यांचं कोंकणीतलं प्रमाणपत्र नागरी लिपीत जसंच्या तसं त्या ग्रंथात छापलेलं आहे. शिवाजी महाराजांच्या हयातीत आम्स्टरडॅमच्या छापखान्यात उमटलेली नागरी अक्षरं, आणि निमित्त झाडांचं.

चाफ्याबद्दल मात्र अनेकांना धक्का बसेल. देवळाच्या आवारात, दर्ग्यात, कबरस्तानात, सगळीकडे दिसणारा देवचाफा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. त्याचं शास्त्रीय नाव ज्याच्यावरून पडलं तो शार्ल प्ल्युमिए हा फ्रेंच धर्मगुरू सतराव्या शतकात त्याच बेटांवर वनस्पती गोळा करत हिंडला होता. सोनचाफा आपला, नागचाफा आपला. हा पांढरा-पिवळा मात्र पाहुणा. तो इतका पसरला कसा? फांदी तोडा, आठवडाभर सावलीत टाकून चीक वाळू द्या, आणि मातीत खोचा. एवढंच. आपले चारही देवचाफे ए विंगच्या तळमजल्यावरच्या काकांनी गावाहून एसटीच्या टपावरून आणलेल्या एकाच फांदीचे आहेत. परदेशी म्हणून मी काही त्यांच्या विरोधात नाही. त्या न्यायाने मिरचीही सोडावी लागेल.

आता प्रश्न असा, की निव्वळ शोभेसाठी झाड लावायचं ही कल्पना आपल्याकडे केव्हा आली? वाड्याच्या चौकात तुळस, परसात केळ, शेवगा, कढीपत्ता, फुलांसाठी पारिजातक किंवा अनंत. प्रत्येक झाडाला काहीतरी काम होतं, निदान देवाच्या ताम्हनापुरतं. नुसतं बघायचं झाड, तेही रांगेने आणि अंतर मोजून, ही रीत मुख्यतः साहेबाच्या काळात रुजली. पश्चिम हिंदुस्थानची कृषी-उद्यान संस्था, म्हणजे अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी, १८३० साली स्थापन झाली. पुण्याचं एम्प्रेस गार्डन आजही तीच सांभाळते. जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला आपल्यापैकी कितीतरी जण जातात. मुंबईची राणीची बाग १८६२ साली खुली झाली. गणेशखिंडीचं वनस्पती उद्यान १८७३ चं. या बागा म्हणजे नुसती फिरायची ठिकाणं नव्हती. जहाजाने आलेलं रोप आधी तिथं लागायचं, जगतंय असं दिसलं की तिथून बंगल्यांत आणि रस्त्यांवर जायचं.

या साऱ्याचं फलित म्हणावं असं एक पुस्तक आहे, 'सम ब्यूटिफुल इंडियन ट्रीज'. लेखक दोन. एथेलबर्ट ब्लॅटर हे स्वित्झर्लंडमधले जेझुइट फादर, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक. दुसरे वॉल्टर मिलर्ड, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव. पुस्तक १९३७ साली निघालं. त्यात बहावा आहे, सीता अशोक आहे, आणि 'इंडियन' या नावाखाली गुलमोहरही आहे! शंभरेक वर्षांत पाहुणा घरचा झाला, तो असा.

त्याच सुमाराची दादरची पारशी कॉलनी पाहण्यासारखी आहे. मंचेरजी जोशी यांनी ती वसवताना वेगवेगळ्या रस्त्यांना वेगवेगळ्या जातीची झाडं नेमून दिली. घरं बांधण्याआधी झाडांचा विचार केला. तो आजही उभा आहे. आपल्यासारख्या सोसायट्यांत क्रम उलटा असतो. आधी इमारत, मग पार्किंग, मग उरलेल्या पट्टीत काय मावतं ते.

त्या उरलेल्या पट्टीतून आला आसुपालव. तुम्हाला पझेशनच्या वेळचं माहितीपत्रक आठवत असेल, 'अशोक वृक्षांनी सजलेला प्रवेशमार्ग'. ते अशोक नव्हेत. खांबासारखी सरळ वाढणारी, खाली झुकलेल्या पानांची ही जात आसुपालवाची, मूळ दक्षिण भारत-श्रीलंकेकडची. दोन फुटांत उभी राहते, बाराही महिने हिरवी, कचरा कमी. बांधकाम व्यावसायिकाला आणखी काय हवं? सावली मात्र ती स्वतःपुरतीच देते. आणि फुलं? हिरवट, पानांत लपलेली. खऱ्या अशोकाला, म्हणजे सीता अशोकाला, खोडालगत शेंदरी-केशरी गुच्छ येतात. अशोकारिष्टासाठी साल काढून काढून तो रानातून इतका कमी झाला आहे, की जगभरच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. नाव टिकलं आणि झाड गेलं.

आपट्याचंही तेच झालंय. दसऱ्याला आपण सोनं म्हणून जी पानं वाटतो ती बहुतेक वेळा कांचनाची असतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं आणि मऊ. दोघे एकाच कुळातले भाऊ. (आणि शास्त्रीय नावातही दोन भाऊच आहेत. योहान आणि कास्पर बाउहिन या वनस्पतीशास्त्रज्ञ भावांवरून हे नाव ठेवलं, दोन पाळ्यांचं पान पाहून.) आपल्या दोन कांचनांची दर दसऱ्याला जी अवस्था होते ती बघवत नाही. आदल्या संध्याकाळी वॉचमनला स्टूल मागून फांद्या ओरबाडल्या जातात. यंदा मुलांना दोन्ही पानं समोरासमोर ठेवून दाखवली. एका चौथीतल्या मुलीने विचारलं, "म्हणजे आजी, आपण इतकी वर्षं खोटं सोनं देत होतो?" तिच्या आईने विषय बदलला.

आता त्या सत्तर फुटांकडे येऊ. नर्सरीत झाड निवडताना आपण बघतो फूल. बघायला हवं ते वीस वर्षांनंतरचं झाड: घेर किती, मुळं कुठं जाणार, पानं केव्हा गळणार, आणि खाली कोण खेळणार. कोनोकार्पस या परीक्षेत बसत नाही. वाढतो भराभर, हे खरं. पण गुजरात सरकारने २०२३ साली जंगलात आणि जंगलाबाहेर दोन्हीकडे तो लावायला बंदी घातली, आणि दिलेल्या कारणांत मुळांमुळे जमिनीखालच्या केबल आणि ड्रेनेज लाईनचं होणारं नुकसान, तसंच परागकणांमुळे सर्दी, खोकला, दमा यांचा उल्लेख आहे. आपल्या पट्टीखाली काय आहे ते वर लिहिलंच आहे. चेंबर फोडायचा खर्च मेंटेनन्समधून निघत नाही, सिंकिंग फंडाला हात लावावा लागतो, हे खजिनदार माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

माझी सूचना अशी. बारा-बारा फुटांवर सहा खड्डे, चेंबर टाळून, दोन बाय दोनचे आणि दोन फूट खोल. दोन कांचन. दोन कुंती, जिला काही जण कामिनी म्हणतात. ती कढीपत्त्याच्या नात्यातली, पांढऱ्या फुलांची, वास असा की सी विंगचे तिसऱ्या मजल्यापर्यंतचे लोक खिडक्या उघड्या ठेवतील. एक आपटा, वाकडातिकडा आणि काटक, म्हणजे निदान सोनं घरचं होईल. आणि टाकीशेजारच्या कोपऱ्यात, जिथं दुपारनंतर सावली असते आणि ओल टिकते, तिथं एक सीता अशोक. तो सावकाश वाढतो. घाई असलेल्यांनी त्याच्याकडे बघू नये.

बहाव्याचा आग्रह अनेकांनी धरला आहे. तो या पट्टीत नको, पूर्वेच्या हिरवळीवर लावू. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ऐन एप्रिलमध्ये तो पानं टाकून पिवळ्या झुंबरांनी लगडतो, म्हणजे डोळ्यांना सुख आणि डोक्यावर ऊन. त्याच्या शेजारी एक तामण हवा. तामणाचं फूल हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प. १ मेच्या सुमाराला, महाराष्ट्र दिनालाच, तो जांभळा बहरतो, आणि तरीही आपल्या २५ वर्षांच्या इतिहासात तो एकदाही लागला नाही. त्याच्या शास्त्रीय नावात लिनिअसचा एक स्वीडिश मित्र बसला आहे, मागनुस लागरस्ट्रोम, स्वीडनच्या ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक. झाडं गोळा करण्यापेक्षा गोळा करणाऱ्याला पाठवणं त्याला जास्त जमत असावं.

सप्तपर्णी आणखी नको, हे ए विंगचं म्हणणं मला मान्य आहे. दिवाळीच्या आसपास रात्री तिचा दर्प सुटला की डोकं धरून बसणारे दोन-तीन जण तिथं आहेत, आणि ती वाढतेही अफाट. आहे ती राहू दे.

एक काम मात्र सभेची वाट न बघता करायला हवं. खेळण्याच्या जागेलगत ज्या दोन बिट्ट्या आहेत, त्यांच्या बिया विषारी असतात. आमच्या लहानपणी आम्ही बिट्ट्यांनी खेळायचो, हे खरं, पण तोंडात घालायची नाही हे घरात ठोकून सांगितलेलं असे. आता ते सांगणारं कोणी दुपारी खाली नसतं. झाडं काढायची तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागेल. सोसायटीच्या आवारातलं झाड असलं तरी. तो अर्ज मी लिहून ठेवला आहे, सेक्रेटरींची सही हवी. परवानगी येईपर्यंत माळीकाका रोज सकाळी पडलेल्या बिट्ट्या वेचून टाकतात.

त्याच कायद्यात २०२१ साली सुधारणा झाली आणि पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 'वारसा वृक्ष' हा दर्जा मिळाला. आपल्या ३७ मध्ये त्या वाटेवर असलेलं एकच झाड आहे, गेटजवळचा कडुनिंब. इथं शेत होतं तेव्हा तो विहिरीच्या काठावर होता. विहीर बुजली, तिच्या जागी ट्रान्सफॉर्मर आला. इमारतीच्या पहिल्या नकाशात कडुनिंबाच्या जागी गेट दाखवलेलं आहे. पहिल्या कमिटीने गेट आठ फूट सरकवून घेतलं. त्या ठरावाची प्रत फाईलमध्ये आहे, सहा ओळींची, खाली अकरा सह्या. त्यातले चार जण आज आपल्यात नाहीत.

रोपं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आणू, चार-पाच फूट उंचीची, पिशवीबाहेर मूळ न आलेली. पाऊस असेपर्यंत प्रश्न नाही. खरी अडचण पुढच्या दोन उन्हाळ्यांची. प्रत्येक झाडाला आठवड्यातून दोनदा दोन बादल्या पाणी, तेही टँकरचे दिवस असताना. आरओच्या मशीनचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून खाली आणलं तरी पुरेल. फेब्रुवारी ते मे अशा चार महिन्यांची पाळी लावली आहे. बी विंगमधून पाच नावं आली आहेत, ए विंगमधून तीन. सी विंगमधून सध्या फक्त माझंच आहे.